गोष्टीला लागणारा आडवा माणूस

सदतीस वर्षं मी बोलून पोट भरलं. वर्गात बोललो, ग्रामसभेत बोललो, लग्नात माईक धरला, दहाव्याला श्रद्धांजली वाहिली. गुरुजींच्या पोटात काही राहत नाही, असं गावात म्हणतात आणि मी ते हसून ऐकून घेतो. पण एक राहिलंय. बायको गेली, तिलाही ते कळलं नाही. आज तुमच्यापुढं मांडायला बसलोय — तुमच्याचपुढं का, ते विचारू नका. तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढं कारण मला पुरेसं आहे.

आणि खरं सांगू? माझा तुमच्यावरही पुरता विश्वास नाही. वाचता वाचता तुम्ही कुठल्या ओळीला थांबाल, कुठं मान हलवाल, याचा अंदाज मी आत्तापासून घेतोय. मास्तरकीनं माणूस असा होतो. फळ्याकडं तोंड करून लिहिताना मागं कोण कुजबुजतंय ते मला न बघता कळायचं. निबंधाची दुसरी ओळ वाचली की कळायचं, हा थोरल्या बहिणीनं सांगितलाय. संशय घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. नोकरी चार वर्षांपूर्वी संपली, तो काही संपला नाही.

सुरुवात कुठून करू? गंमत बघा, सुरुवात कुठून करायची हेच मी पोरांना शिकवायचो. मराठीच्या पेपरात मुद्द्यांवरून गोष्ट लिहायचा प्रश्न असतो. त्यासाठी मी फळ्यावर एक डोंगर काढायचो. पायथ्याशी एक माणूस. तो चढणार, माथ्यावर पोचणार, पलीकडं उतरणार. पारनेर तालुक्यातली पोरं, त्यांना डोंगर काय सांगायचा? लगेच कळायचं. मग मी विचारायचो, ह्या माणसाला काय हवंय? आणि त्याला आडवं कोण येतंय?

समजा, म्हातारीला पाणी हवंय. ती विहिरीवर गेली, पाणी काढलं, घरी आली. झाली गोष्ट? पोरं ओरडायची, न्हाई. मग कुणी म्हणायचं, पोहरा विहिरीत पडला. कुणी म्हणायचं, विहिरीवर वाघ आला. आणि एखादी पुढच्या बाकावरची चुणचुणीत पोरगी म्हणायची, सून म्हनली पानी आधी मी भरनार. शाब्बास, मी म्हणायचो. वाघापेक्षा सून बरी. माणसाला माणूस आडवा आला की गोष्ट रंगते. पोरांनी त्याला नावच पाडलं होतं, ‘आडवा’. सर, ह्या गोष्टीतला आडवा कोन? असं विचारायची. आडवा नसेल तर ती गोष्ट नव्हे, नुसती हकीकत — हे माझं वाक्य सगळ्या वर्गाला पाठ होतं.

ते वाक्य मी फळ्यापाशीच ठेवलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

आमच्या गावात पाण्याचं काम झालं. राळेगणसिद्धी आमच्यापासून लांब नाही. तिथलं बघून आमच्या लोकांनीही डोंगराला चर खणले, ओढ्यावर मातीचे बांध घातले. विहिरींना पाणी उतरलं, दूध वाढलं. मग पाहुणे यायला लागले. शेतकऱ्यांचे गट, कॉलेजची मुलं, कधी साहेब लोक. शाळेत चहापोहे, मग डोंगर, मग मोठ्या बांधावर उभं राहून गावाची कहाणी. सरपंच म्हणाले, "गुरुजी, तुमी सांगा. आमाला बोलाया जमत न्हाई."

मी सांगायला लागलो. चर किती, खड्डे किती, श्रमदानाला कोण कोण आलं. पाहुणे ऐकायचे — म्हणजे तोंडावर ऐकायचे. डोळे सावली शोधायचे. एकजण घड्याळ बघायचा, दुसरा जांभई दाबायचा. मला ते सहन होत नव्हतं. हे तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण सगळं इथूनच सुरू झालं. चाळीस पोरांचा वर्ग मुठीत ठेवणारा मी, आणि हे परके लोक माझ्यासमोर जांभया देतात?

एकदा एक बाई आल्या होत्या, कुठल्याशा संस्थेतल्या. वहीत लिहून घेत होत्या. त्यांनी मधेच विचारलं, "पण कुणाचाच विरोध झाला नाही?"

मी थांबलो. समोर बांध होता. त्या बांधाच्या उजव्या अंगाला एक जागा वेगळ्या मातीची दिसते, आजही दिसते. पूर्वी एका परतीच्या पावसात तो तिथं फुटला होता. का फुटला, ते गावाला ठाऊक होतं. जादा पाणी बाजूनं निघून जावं म्हणून बांधाला एक वाट ठेवतात, सांडवा. तो अरुंद ठेवला होता. सांडव्याच्या कडेला सरपंचांचंच रान होतं, रुंद केला असता तर त्यांचा तुकडा गेला असता. पाण्याला वाट पुरली नाही, ते बांधावरून गेलं आणि माती घेऊन गेलं. इंजिनिअरनं चिखलात उभं राहून सगळ्यांदेखत हे सांगितलं होतं.

आता तुम्हीच सांगा, अरुंद सांडवा हा कुठल्या गोष्टीचा आडवा होतो?

"झाला," मी म्हणालो. "हा बांध एकदा फुटला होता. फुटला म्हणतो, पण —" आणि तिथं मी थांबलो. कुठं थांबायचं हे मला चांगलं कळतं. बाईंचा हात वहीवर तसाच राहिला. मागची माणसं पुढं सरकली. मग मी सांगितलं की गावात एक माणूस होता, त्याला हे काम नको होतं. भर पावसात, सगळं गाव घरात असताना, तो पहार घेऊन इथं आला. नाव घेतलं नाही. नाव नको, आजही तो आपल्यातच आहे, असं म्हणालो. कुणी जांभई दिली नाही.

परत जाताना सरपंच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, आज लई रंगली." मला त्या वेळी वाटलं, त्यांना माझं बोलणं आवडलं. त्यांना नेमकं काय आवडलं ते मला पुढं कळलं. त्या दिवसानंतर गावात सांडव्याचं नाव कुणी काढलं नाही.

मी नाव घेतलं नव्हतं. ह्या एका वाक्याच्या आधारावर मी किती वर्षं निवांत झोपलोय. पण बिननावाचा आडवा गावात सोडून दिला तर तो काय करतो? घर शोधतो. पाहुण्यांना फक्त गोष्ट ऐकायची होती, गावाला तो माणूस हवा होता. चावडीवर, डेअरीच्या रांगेत, पिठाच्या गिरणीवर — कोण असंल? लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणाच्या घरी पहार आहे, कोण श्रमदानाला दांडी मारायचा, कोण ग्रामसभेत काय बोलला होता. मी ऐकत होतो. मला — काय सांगू — मला मजा वाटत होती. मी रचलेल्या गोष्टीनं अख्खं गाव कामाला लावलं होतं.

आणि फिरत फिरत सगळ्यांची नजर भानुदास तात्यांवर येऊन थांबली.

भानुदास गावापासून अर्ध्या मैलावर वस्तीवर राहायचे. उंच, सावळे, कमी बोलणारे. काम सुरू झालं तेव्हा ग्रामसभेत ते एकदाच उठले होते. "माह्या बांधावरनं चर नका नेऊ, खालनं न्या, तिथं उतार हाय," एवढंच म्हणाले होते. त्यांचं बरोबर होतं, चर शेवटी खालूनच नेला. पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते त्यांचं उठणं. विरोध केला हुता ना त्यानं? मग? वस्ती ओढ्याच्या बाजूला. त्या पावसात बायको पोराला घेऊन माहेरी, हा एकटाच. सगळं जुळत होतं. जुळणारच. गोष्ट जुळवायला मीच शिकवलं होतं, गावातली निम्मी माणसं माझ्याच हाताखालून गेलेली.

ते माझ्याकडं आले. शाळा सुटली होती, मी वह्या तपासत होतो. दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"गुरुजी, लोकं माह्याकडं लई बघायला लागलेत."

"मी नाव घेतलंय का कुणाचं?" मी म्हणालो.

"न्हाई."

ते उभेच होते. मी वहीकडं बघत होतो. ते कशाची वाट बघत होते, ते मला कळत होतं. तुम्हाला अजून कळलं नसेल. सांगतो. मी अजून त्याच्याभोवती फिरतोय, मलाही दिसतंय.

"तात्या, पुढं त्या माणसाचं मन पालटतं," मी म्हणालो. "शेवट चांगला करणार आहे मी." ते थोडंसं हसले. पायातल्या चपलेकडं बघितलं आणि गेले.

पुढच्या खेपेला मी शेवट घातला. त्या माणसाला पश्चात्ताप होतो, तो स्वतः टोपलं उचलून बांध बुजवायला येतो, आज तो सगळ्यांच्या पुढं असतो. फळ्यावरचा डोंगर पुरा झाला. माथा झाला, उतार झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, त्यांना भेटता येईल का? मी काही बोलायच्या आत सरपंचांनी माणूस पाठवून भानुदास तात्यांना बोलावून घेतलं.

ते आले. डोक्याला फडकं, हाताला चिखल. पाहुण्यांनी त्यांचा हात हातात घेतला. बाया नमस्कार करायला लागल्या. फोटो काढले. ते माझ्याकडं बघत होते, मी बांधाकडं. शेवटी ते म्हणाले, "झालं ते झालं. आता पानी हाय, चांगलं हाय." बस्स, तेवढंच. आणि लोकांना ते एवढं आवडलं, की पुढं प्रत्येक गाडीला भानुदास तात्या ठरलेलेच.

ते का तयार झाले? ह्यावर मी फार विचार केलाय आणि मला जे सुचलं ते तुम्हाला आवडणार नाही. संशयाच्या नजरेनं बघणारं गाव त्यांच्यापुढं होतं. त्यातून सुटायला दोन वाटा होत्या. एक म्हणजे, मी काही केलं नाही, असं ओरडून सांगणं, आणि ते खरं मानणारा एकच माणूस होता, तो गप्प होता. दुसरी वाट म्हणजे, केलं आणि पालटलो, असं म्हणणं. दुसरी वाट धरल्यावर लोक त्यांना चहाला बोलवायला लागले. डेअरीत जागा द्यायला लागले. माझ्याच गोष्टीनं त्यांना खड्ड्यात ढकललं होतं, आणि वर यायला शिडीही तिचीच होती. त्यांनी ती धरली. त्यांच्या जागी असतो तर मीही धरली असती.

असं पंधरा-वीस वर्षं चाललं. ते माझ्याशी नीट बोलायचे. गुरुजी, बसा, चहा घ्या. मला ते खरं वाटायचं नाही. हा माणूस मनात काय ठेवून आहे, ह्याचा मी अंदाज घेत राहायचो. बाजारात भेटले की त्यांचा चेहरा वाचायचो. पाहुण्यांपुढं ते बोलत असताना मधेच माझ्याकडं बघतील आणि सांगून टाकतील, ह्या भीतीनं मी प्रत्येक वेळी त्यांच्या शेजारी उभा राहायचो. लोकांना वाटायचं, काय जोडी आहे.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. चौथीचा वर्ग. भानुदास तात्यांचा मुलगा चाकणला कंपनीत, त्याची पोरगी श्रेया आजी-आजोबांकडं राहून माझ्या शाळेत. मी निबंध दिला, माझे आजोबा. श्रेयाच्या निबंधाची पहिली ओळ अशी होती — माझे आजोबा आधी वाईट होते. दुसरी ओळ — त्यांनी गावाचा बांध फोडला होता.

चौथीतली पोरगी. आरंभ बरोबर, आडवा बरोबर, पालटणं बरोबर, शेवट बरोबर. सगळं मी शिकवल्यासारखं. दुसऱ्या ओळीवर मला नेहमी संशय यायचा, हे कुणी सांगितलं? इथं मला शोधायची गरज नव्हती. मी लाल पेन उचललं आणि समासात लिहिलं — सुरुवात छान. हो, लिहिलं. हात थांबला नाही.

वही घरी गेली. दोन दिवसांनी भानुदास तात्या माझ्या घरी आले. ह्या वेळी आत आले, बसले, पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. मग हळूच, म्हणजे अगदी उसना पेन मागावा तसं, त्यांनी विचारलं,

"गुरुजी, बांध फुटला तवा आपन राहुरीला हुतो ना?"

आता सांगतो.

बांध फुटला त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी शाळेसाठी रोपं आणायला निघालो होतो. फाट्यावर एसटीची वाट बघताना भानुदास भेटले. त्यांना दारात लावायला केशर आंब्याचं कलम हवं होतं. म्हणाले, चला, मी बी येतो. नगरला गाडी बदलून राहुरीला गेलो. रोपवाटिकेत त्यांनी चार कलमं उलटी-पालटी करून बघितली, मुळं बघितली, मग एक निवडलं. परत निघायच्या वेळी पाऊस सुरू झाला, असा की गाड्या बंद. आम्ही राहुरीतच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं राहिलो. दुसऱ्या दिवशी अख्खा दिवस पाऊस. त्या दिवशी दुपारी, गाव घरात बसलेलं असताना, बांध गेला. आम्ही तिसऱ्या दिवशी आलो. फाट्यावर उतरून ते पिशवीत कलम घेऊन वस्तीकडं गेले, मी गावाकडं. गाव बांधावर जमलेलं होतं. त्यांना कुणी जाताना पाहिलं नव्हतं, येताना पाहिलं नाही. माझ्या बायकोला मी राहुरीला होतो एवढंच माहीत. बरोबर कोण होतं, हे तिनं विचारलं नाही आणि फुटलेल्या बांधाच्या गडबडीत मी सांगितलं नाही. तो विद्यार्थी पुढं परगावी गेला आणि तिकडंच वारला.

म्हणजे भानुदास तात्यांनी बांध फोडला नाही, हे शपथेवर सांगू शकेल असा ह्या जगात एकच माणूस होता. आणि बांध फोडला, असं सांगत फिरणाराही तोच.

सांगताना मला माहीत होतं. पहिल्या दिवशी त्या बाईंपुढं माझ्या डोळ्यांसमोर कुणाचा चेहरा नव्हता, हे खरं. पण गावाची बोटं त्यांच्याकडं वळली तेव्हा मला राहुरी आठवली होती. दारात उभं राहून ते म्हणाले, लोकं बघायला लागलेत, तेव्हाही आठवली होती. ते त्याचीच वाट बघत होते — गुरुजी म्हणतील, अहो, हा तर माझ्याबरोबर होता. एक वाक्य. पण मग गोष्टीचं काय? आडवा नव्हताच, असं सांगितलं तर मी कोण? सरपंच काय म्हणतील? गावानं पहिल्यांदा माझं ऐकायला कान दिले होते.

आणि आता म्हातारे होऊन ते माझ्या घरात बसले होते आणि विचारत होते, आपण राहुरीला होतो ना?

"कशाला विचारताय तात्या आता?" मी म्हणालो.

"पोरीला सांगावं म्हनतो. तिनं वहीत लिव्हलंय." मग म्हणाले, "मला बी आता नीट आठवत न्हाई. इतकी वर्सं सांगून सांगून आसं वाटतं, की पहार घेऊन गेल्तो मी. म्हनलं गुरुजीला इचारावं."

ते खरंच विसरले होते? का मला संधी देत होते? का जाळं टाकत होते आणि दाराआड कुणी ऐकत उभं होतं? मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मी इतकी वर्षं मुलांचे डोळे वाचलेत. तिथं मला काही सापडलं नाही, फक्त एक म्हातारा उत्तराची वाट बघत होता.

"ते आदल्या वर्षी, तात्या," मी म्हणालो. "राहुरीला आपण आदल्या वर्षी गेलो होतो."

हीच ती गोष्ट. बाकी सगळं मी सांगताना थोडं सैल सोडू शकलो असतो, बोलण्याच्या ओघात गेलं, गावानं वाढवलं, सरपंचांनी फायदा घेतला. हे वाक्य मी एकट्यानं, शुद्धीवर, विचार करून म्हटलं. त्यांच्याजवळ जे शेवटचं उरलं होतं ते काढून घेतलं.

"आसंल," ते म्हणाले. "वय झालं आता." पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गेले.

त्यानंतर पाहुण्यांपुढं ते जास्त बोलायला लागले. मी कधी न सांगितलेल्या गोष्टी सांगायचे. पहार गार पडली हुती. पहिला घाव दगडावर बसला. वल्या मातीचा वास येत हुता. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी बांधाकडं बघत राहायचो. त्यांना ते खरंच आठवत होतं, का मला ऐकवत होते, हे मी शेवटपर्यंत ओळखू शकलो नाही. त्यांना तसं विचारायला मी धजलो नाही.

मागच्या वर्षी ते गेले. दहाव्याला ओढ्याकाठी गाव जमलं होतं. प्रवचन झालं, मग श्रद्धांजली. माईक सवयीनं माझ्याकडं आला. समोर कौसाबाई, त्यांच्या बायको, पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. शेजारी मुलगा, शेजारी श्रेया. माझ्या हातात माईक होता आणि म्हणायला एकच वाक्य होतं. मी घसा साफ केला. आणि म्हणालो, माणूस चुकतो, पण चुकून पालटणारा माणूस मोठा असतो. लोकांनी माना हलवल्या. मी छान बोललो, असं नंतर चौघांनी सांगितलं.

निरोप घ्यायला वस्तीवर गेलो. दारात आंबा आहे, आता घराच्या वर गेलेला. कौसाबाई त्याच्याखाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी तवा माहेराहून आले, तर तिकडं बांध फुटलेला आन् हितं दारात हे रोप, ताजं लावलेलं. कुठनं आनलं म्हनलं, तर म्हनले, गुरुजीसंगं गेल्तो." मग झाडाकडं बघत म्हणाल्या, "आमी ह्याला गुरुजीचा आंबाच म्हनतो."

एवढंच.  त्यांनी कधी हिशेब जुळवला असेल का? जुळवायला अवघड काय आहे? बांध फुटलेला आणि रोप ताजं, एकाच वेळी. का तो त्यांनी कधीच जुळवला नाही, आणि मीच आपला सगळीकडं साक्षीदार बघतोय? त्यांनी माझ्याकडं बघितलं तेव्हा मी चप्पल घालत होतो. ती घालायला मला फार वेळ लागला.

ह्या उन्हाळ्यात श्रेया आली होती. आता आठवीत आहे. पिशवीभर आंबे घेऊन दारात उभी. "आजीनं दिलेत. तुमच्या आंब्याचे हायेत," म्हणाली. मग पिशवी पुढं करत, "गुरुजी, त्याला तुमचा आंबा का म्हनतात?"

तिचा आजोबा शाळेच्या दारात उभा राहिला होता, तशीच ती माझ्या उंबऱ्याशी. माझ्यापुढं तिचा चेहरा होता, आणि तिला नुसतं उत्तर हवं होतं. आडवा आला तो मीच.

"म्हणतात आपलं," मी म्हटलं आणि पिशवी घेतली.

भानुदास तात्यांनी बांध फोडला नाही. त्या दिवशी ते माझ्याबरोबर राहुरीला होते. हे त्या पोरीला सांगायचं होतं. ते मी तुम्हाला सांगितलंय, तिला नाही.